टॅब्लेट : उच्च प्राथमिक वर्गातील वापर

इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गात टॅब्लेट नुसता पाठ दाखवायला न वापरता, विद्यार्थ्याने त्यावर मोजावे, नोंदवावे, करून पाहावे आणि समजावून सांगावे यासाठी वापरण्याची अध्यापनपद्धती. शाळेत याला सर्रास ‘टॅब’ म्हणतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या तीन इयत्तांचा स्वतंत्र टप्पा मानला आहे. बीजगणित, विद्युतमंडल, नकाशावाचन असे डोळ्यांना थेट न दिसणारे विषय याच वयात सुरू होतात.

इथली बहुतेक उदाहरणे बडोद्याची आहेत, आणि बडोद्याला शिक्षणातली अशी साधने नवी नाहीत. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन १९१० मध्ये आल्यावर उभ्या राहिलेल्या ग्रंथालय खात्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्यांबरोबर दृश्यशिक्षणाची शाखाही होती. जादूचा कंदील (काचेवरचे चित्र पडद्यावर पाडणारे यंत्र) आणि चलच्चित्रे ती गावोगाव दाखवी. पण ते सारे पाहण्याचे साधन होते. टॅबमध्ये पाहणाऱ्यालाच काही करता येते, एवढाच काय तो फरक. हा फरक विसरून टॅबवर तासभर चित्रफिती लावणारे वर्ग कमी नाहीत, आणि तिथे शंभर वर्षांपूर्वीचा कंदीलही तेच काम करून गेला असता.

आयपॅड २०१० मध्ये बाजारात आला. भारत सरकारचा स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेट ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर झाला. गाजावाजा मोठा झाला, वर्गात मात्र तो रुजला नाही. गुजरातने २०१७ मध्ये ‘ज्ञानकुंज’ योजनेतून सरकारी शाळांच्या सातवी-आठवीच्या वर्गांपासून डिजिटल फलक देण्यास सुरुवात केली. केंद्राचे ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शैक्षणिक साहित्याचे व्यासपीठही त्याच वर्षीचे.

खोल अध्ययन घडते ते प्रश्नाच्या क्रमामुळे. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. शिक्षकाने हे आधी सांगून टाकले तर मुले फक्त बोट फिरवतात. ‘बेरीज किती होईल, वहीत लिहा, मग ओढून पाहा’ असे म्हटले तर वर्गात वाद होतो, आणि ‘असे का?’ हा प्रश्न मुलांकडूनच येतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या पडद्यावर करून पाहायच्या विज्ञान-प्रतिकृतींवर विद्युतमंडल जोडतानाही हेच लागू पडते. मात्र खरी बॅटरी, तार आणि बल्ब उपलब्ध असतील तर आधी ते हातात द्यावेत. तार सैल बसली की बल्ब लागत नाही, हे पडदा शिकवत नाही.

भूगोलात बडोद्याच्या मुलांना विश्वामित्रीसारखे उदाहरण शोधूनही मिळणार नाही. पावागडच्या डोंगरात उगम पावून शहरातून वळणे घेत जाणारी ही नदी, तिच्यातल्या मगरी आणि ऑगस्ट २०२४ चा पूर मुलांच्या ओळखीचे आहेत. उपग्रहचित्रांत नदीचे जुने-नवे काठ ताडून पाहायचे, पाणी कुठवर आले होते ते घरच्या मोठ्यांना विचारून नकाशावर खुणा करायच्या, मग दोन्हींचा मेळ घालायचा. असा पाठ दोन-तीन तासिका खातो, म्हणून वेळापत्रकात तो बसवणे हेच मुख्याध्यापकांसमोरचे खरे काम.

संशोधनाचा कौल संमिश्र आहे. अहमदाबादेत सुरू झालेल्या एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या कंपनीच्या ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय सरावाचा दिल्लीतला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलाच्या पातळीनुसार प्रश्न दिल्याने गणितात व हिंदीत ठळक प्रगती दिसली, आणि आपल्या इयत्तेच्या मागे राहिलेल्यांना तुलनेने अधिक लाभ झाला. उलट वाचनाविषयीच्या ५४ अभ्यासांच्या २०१८ मधील एकत्रित पडताळणीत माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक समजतो असे आढळले; वेळेचे बंधन असेल तर फरक वाढतो. तेव्हा धडा पुस्तकातच वाचावा आणि टॅब त्यानंतर उघडावा, हे बरे.

दोन मुलांत एक टॅब हे प्रमाण पुष्कळदा एकाला एकपेक्षा सरस ठरते, कारण बोलल्याशिवाय चालत नाही. फक्त बोट कुणाचे, यावर भांडण होते, म्हणून पाळी ठरवावी लागते. चार्जिंगची सोय, फुटलेली काच, खेळांकडे वळणारे लक्ष या अडचणी नेहमीच्याच.

मराठी घरांतल्या मुलांसाठी आणखी एक उपयोग आहे. दांडिया बाजारातल्या एखाद्या आजीची जुन्या बडोद्याची आठवण मुलाने टॅबवर ध्वनिमुद्रित करायची आणि बोलून टंकन करणाऱ्या सोयीने तिचा मजकूर करायचा. गुजराती मिसळलेली बडोदी मराठी यंत्राला नीट उमगत नाही, त्यामुळे मजकूर चुकांनी भरलेला येतो. तो आजीशेजारी बसून दुरुस्त करताना ऱ्हस्व-दीर्घ, विभक्तिप्रत्यय आणि गुजरातीतून आलेले शब्द या सगळ्यांवर चर्चा होते.