पद तेच, पण संगीत नाटकात वेगळं आणि टीव्हीवर वेगळं

नाट्यगीत आवडतं म्हणणारी माणसं आमच्या बेळगावात गल्लोगल्ली सापडतील, शहापूर म्हणा टिळकवाडी म्हणा, कुणालाही विचारा, दोन ओळी तरी गुणगुणून दाखवतीलच. पण त्यातल्या बऱ्याच जणांनी अख्खं संगीत नाटक कधी बसून बघितलेलं नसतं, त्यांच्या कानावर जे पडलंय ते टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांमधून, दिवाळी पहाटच्या कार्यक्रमातून नाहीतर मोबाईलवरच्या क्लिपमधून. आणि मग ही माणसं कधीतरी नाटकाला येतात आणि मधेच कंटाळतात. मागे एकदा माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या काकू म्हणाल्या, "अगं, हेच गाणं त्या पोरीनं टीव्हीवर किती मस्त म्हटलं होतं की, इथं नुसतं बोलालेतच सगळे!" काकूंचं काही चुकलं नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला दोन्ही मनापासून आवडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोंधळ होणं साहजिक आहे कारण हल्ली टीव्हीवाले नाट्यगीताला नाटकाचंच रूप देतात. गाणाऱ्या मुलीला नऊवारी, नथ, अंबाडा, मागे मोठ्या स्क्रीनवर राजवाडा, समया, फुलांच्या माळा, हे सगळं बघितलं की वाटतं हेच ते संगीत नाटक. पण तिथे कपडे नाटकातले असतात आणि प्रसंग नसतो, आणि माझ्या मते सगळा फरक तिथूनच सुरू होतो.

उदाहरण घ्या 'संगीत सौभद्र' मधलं 'वद जाऊ कुणाला शरण'. हे पद, म्हणजे नाटकातलं गाणं, सुभद्रेचं. तिचं मन अर्जुनावर, पण बलरामदादाने तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवून टाकलंय, घरात सगळ्यात मोठा तोच, त्याच्यापुढे बोलायची सोय नाही, आणि ज्याच्यावर भरवसा ठेवावा तो कृष्ण मनातलं काही कळूच देत नाही. आता या अवस्थेत ती विचारते की मी कुणाकडे जाऊ. नाटक बघताना आपल्याला हे सगळं माहीत असतं, आपण अर्धापाऊण तास तिच्याबरोबर घालवलेला असतो, त्यामुळे पहिल्या ओळीलाच घशात काहीतरी होतं, तिने तान नाही घेतली तरी होतं. टीव्हीवर तेच पद येतं तेव्हा निवेदक नाटकाचं नाव सांगतो, संगीतकाराचं नाव सांगतो, टाळ्या होतात आणि थेट सूर. सुभद्रा तिथे आलेलीच नसते. गाणारी मुलगी स्वतः म्हणून उभी असते, तिच्यापुढे परीक्षक असतात, आणि तिला दोन-तीन मिनिटांत दाखवायचं असतं की माझा आवाज किती फिरतो.

म्हणूनच आमच्याकडची जुनी जाणती मंडळी जेव्हा टीव्ही बघून म्हणतात की "ह्या पोरांच्या गाण्यात भावच नाही", तेव्हा मला ते पटत नाही. अहो, त्या पोराला प्रसंगच दिलेला नाही तर भाव कशाचा आणणार? त्याच्याकडून सूर, लय, दमसास, शब्दांचे उच्चार एवढं मागा, तेवढं तो मेहनतीने देतो. आणि उलट नाटकातल्या नटाकडून टीव्हीवरच्यासारखी घासूनपुसून चकचकीत केलेली तान मागू नका, कारण तो आत्ताच भांडण करून, रडून, अंगावर दागिने आणि जड शालू घेऊन स्टेजभर फिरून आलेला असतो आणि त्याच श्वासात गातोय.

दुसरी गोष्ट साथीची, आणि ही मला फार आवडते, कारण बघायला गेलं तर कळतं, नुसतं ऐकून कळत नाही. संगीत नाटकात ऑर्गनवाला नुसता वाजवत नाही, तो संवाद ऐकत असतो. पदाच्या आधीचं शेवटचं वाक्य जवळ आलं की तो हळूच सूर धरतो, इतका हळू की प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही पण नटाच्या कानात तो बसतो, आणि नट बोलता बोलताच गाण्यात शिरतो. प्रत्येक पात्राची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, वेगळी, त्यामुळे एका प्रवेशात सुभद्रा एका पट्टीत, पुढच्यात कृष्ण दुसऱ्या पट्टीत, ऑर्गनवाल्याला सगळ्यांच्या पट्ट्या डोक्यात ठेवायच्या, तबलजी शेजारी वेगवेगळ्या सुरांचे तबले लावून बसलेला. नट एखादं वाक्य विसरला तर दोघांनी सांभाळून घ्यायचं. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा माणूस होता, म्हणजे विचार करा त्या काळी साथीला काय मान होता. टीव्हीवर पण एकापेक्षा एक वादक असतात, याबद्दल वाद नाही, पण तिथे पट्टी आधी ठरते, सुरुवातीचा म्युझिक पीस ठरतो, कुठे थांबायचं ते ठरतं, कीबोर्ड आणि बाकीची वाद्यं बसवलेली असतात, नंतर मिक्सिंग होतं. तिथे सगळं आधी बांधून ठेवलेलं असतं आणि नाटकात बरंचसं त्या रात्री जमवायचं असतं.

वन्स मोअरचं पण तसंच. नाटकात वन्स मोअर आला की नटाची खरी परीक्षा, कारण कथा थांबली, तो क्षणभर पात्राच्या बाहेर आला, परत गायचं, पण पहिल्यासारखंच गाऊन चालत नाही, जरा वेगळी जागा घ्यायची, आणि संपलं की लगेच पुढच्या वाक्यात परत सुभद्रा नाहीतर रुक्मिणी व्हायचं. समोरचं पात्र तेवढा वेळ तसंच उभं! काही लोकांना हा प्रकार नाटकाची लय बिघडवणारा वाटतो. मला वाटतं संगीत नाटकात प्रेक्षक पण खेळाचा भाग असतो आणि वन्स मोअर ही त्याची बोलायची जागा आहे, फक्त ती कुठे वापरायची याची जाण पाहिजे, सुभद्रा रडत असताना मागून शिट्टी मारून वन्स मोअर मागणं मला चालत नाही. टीव्हीवर परीक्षक म्हणतात "परत एकदा ती ओळ ऐकव", ते पण गोड असतं, पण आपल्यापर्यंत काय येणार ते शेवटी एडिटिंगच्या टेबलावर ठरतं.

आता ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त गैरसमज होतो ते सांगते. टीव्हीवर कुठली पदं येतात बघा. मम आत्मा गमला, नाथ हा माझा, घेई छंद मकरंद, म्हणजे रागदारीची, तानांची, आवाज दाखवता येतो अशी. साहजिक आहे, स्पर्धा आहे. पण त्यामुळे असं वाटायला लागतं की संगीत नाटक म्हणजे तानांचा कारखाना, आणि ते तसं नाही. संगीत नाटकाची घडी बसवली अण्णासाहेब किर्लोस्करांनी, आणि अण्णासाहेब आपल्या जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे, 1843 सालचा जन्म. त्यांचं 'शाकुंतल' 1880 साली पुण्यात स्टेजवर आलं, पहिल्या प्रयोगात चारच अंक होते, आणि 'सौभद्र' 1882 चं. या नाटकांत साकी आहे, दिंडी आहे, लावणीच्या चाली आहेत, आणि कानडी गाण्यांच्या चाली पण आहेत, ज्या आपल्या भागात त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेल्या असणार. आमच्या गोकाककडे आणि त्या पट्ट्यात 'श्रीकृष्ण पारिजात' म्हणून कानडी संगीत लोकनाट्य आहे, त्यात पण कृष्ण, रुक्मिणी, सत्यभामा गाऊनच भांडतात, ते बघितलेल्या माणसाला सौभद्र बघताना अजिबात परकं वाटत नाही. ही साकी-दिंडी म्हणजे दोन-चार ओळींत गोष्ट पुढे नेणारी छोटी पदं, कुणी आलं, कुणी गेलं, कुणाच्या मनात काय आहे, ते गाण्यात सांगून टाकायचं. ती टीव्हीवर जवळपास कधीच येत नाहीत, कारण एकटी काढून ठेवली तर त्यात विशेष काही दिसत नाही. पण नाटकात तीच सगळा डोलारा धरून ठेवतात.

रागदारी नंतर वाढत गेली. खाडिलकरांचं 'मानापमान' 1911 चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, मग 1916 ला 'स्वयंवर', त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, त्यांनी ख्यालाच्या बंदिशीच पदांत आणल्या आणि वर गाणारे बालगंधर्व, त्यामुळे पद मैफिलीसारखं रंगायला लागलं. टीव्हीवर आपण जे नाट्यगीत म्हणून ऐकतो ते जास्त करून या वळणानंतरचं आहे. बरं, या सगळ्यात आपला भाग कायम आहे, केशवराव भोसल्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी 1908 साली काढली ती हुबळीत.

'कट्यार काळजात घुसली' बद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. नाटक 1967 चं, दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. पंडितजी आणि खाँसाहेब हे नाटकातले दोन गायक, आणि यात 'घेई छंद मकरंद' दोन प्रकारे येतं, एक पंडितजींच्या घराण्याच्या पद्धतीने, दुसरं खाँसाहेबांच्या. शब्द तेच पण दोन गाण्याच्या पद्धती, दोन स्वभाव, आणि नाटकाचं सगळं भांडणच त्या दोन पद्धतींतलं आहे. टीव्हीवर यातलं एकच म्हटलं जातं, बहुतेक वेळा खाँसाहेबांचं जोरकस, आणि छानच वाटतं ऐकायला, पण दुसरं शेजारी नसेल तर हे असं का गायलंय ते कळत नाही. नाटकात दोन्ही ऐकल्यावर मला घराणं म्हणजे काय हे जेवढं समजलं तेवढं कुठल्या पुस्तकातून समजलं नसतं. त्यात अजून एक भर म्हणजे 2015 चा सिनेमा. 'सूर निरागस हो' टीव्हीवर सर्रास नाट्यगीताच्या फेरीत खपून जातं, पण ते त्या नाटकातलं नाही, सिनेमासाठी नवीन केलेलं आहे, शंकर-एहसान-लॉय यांनी. 'अरुणि किरणी' पण तसंच, त्यासाठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणी सुंदर आहेत, पण नाटक बघायला जाऊन ती का नाही आली म्हणून हिरमुसू नका.

आणि याच्या बरोब्बर उलटं 'काटा रुते कुणाला' चं. कितीतरी लोक ते भावगीत समजून ऐकतात, टीव्हीवर पण तसंच म्हटलं जातं, डोळे मिटून, एका जागी बसून. ते आहे 'हे बंध रेशमाचे' या नाटकातलं, आणि नाटककार रणजित देसाई, म्हणजे कोवाडचे, आपल्या बेळगावपासून हाकेच्या अंतरावरचे. गाणं इतकं लोकप्रिय झालं की नाटक मागेच राहिलं. मला याचं वाईट वाटतं.

आता टीव्हीची बाजू पण नीट मांडते. खानापूरच्या आतल्या गावातल्या मुलाला संगीत नाटक बघायचं तर कुठे बघणार? जत्रेला हौशी मंडळींचं नाटक झालं तर झालं, नाहीतर शहरात कुमार गंधर्व रंगमंदिरात नाहीतर लोकमान्य रंगमंदिरात कधी प्रयोग लागतो त्याची वाट बघायची, आणि पुण्यामुंबईहून पूर्ण संच घेऊन साथीदारांसकट इथपर्यंत येणं खर्चिक, त्यामुळे प्रयोग कमीच होतात. 2008-09 ला टीव्हीवर 'लिटिल चॅम्प्स' ही लहान मुलांची गाण्याची स्पर्धा सुरू होती तेव्हा आमच्याकडे संध्याकाळी टीव्हीपुढे सगळं घर बसायचं, आणि त्या मुलांचं ऐकून आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं पेटीच्या क्लासला जायला लागली. शिवाय कॅमेरा जवळ जातो, गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर, ओठांवर, तबलजीच्या बोटांवर, हे शेवटच्या रांगेतून कधीच दिसत नाही. शब्द स्वच्छ ऐकू येतात, आणि संगीत नाटकाची जुनी भाषा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही मोठीच मदत आहे.

नुसती पदं काढून मैफिलीत गाणं हा तिसरा प्रकार, त्यात फार शिरत नाही. पण एवढं सांगते की नाटकातून पद बाहेर काढलं की ते लहानच होतं असं नाही. आपल्या सुळेभावीला जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' केलं, त्यात ना रंगमंच ना वेष, पण ते दुसऱ्याचं गाणं समजून घेऊन आपल्या गळ्यातून मांडणं होतं, प्रसंगाच्या जागी तिथे विचार होता. टीव्हीवरच्या मुलांना पुढे जाऊन हा रस्ता पण मोकळा आहे.

तर कुणाला पहिल्यांदा संगीत नाटक बघायचं असेल तर माझं ऐका, 'सौभद्र' पासून सुरुवात करा, 'स्वयंवर' नंतर. सौभद्रमध्ये गोष्ट आहे, विनोद आहे, अर्जुन संन्याशी होऊन बसतो ती सगळी गंमत आहे, पोरंटोरं पण बसतात. जाण्याआधी टीव्हीवरची त्यातली पदं हवी तर ऐकून जा, चाल ओळखीची असली की शब्दांकडे लक्ष देता येतं. नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं मंगलगीत, चुकवू नका, पाच मिनिटं आधीच जाऊन बसा. आणि तिकीट काढताना साथीदार कुठल्या बाजूला बसणार ते विचारून त्याच बाजूची पुढची खुर्ची घ्या, म्हणजे ऑर्गनवाला सूर कधी धरतो ते दिसेल.