अँड्रू वायेथ : मातकट रंग आणि दडवलेली चित्रे

ऑगस्ट १९८६ मध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या अमेरिकी साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर एकाच आठवड्यात एकाच स्त्रीची चित्रे झळकली. ती स्त्री म्हणजे पेनसिल्व्हेनियातील चॅड्स फोर्ड या गावात राहणारी, मूळची जर्मन असलेली हेल्गा टेस्टॉर्फ. वास्तववादी चित्रकार अँड्रू वायेथ यांनी १९७१ ते १९८५ या काळात तिची दोनशे चाळीसहून अधिक चित्रे आणि रेखाटने केली होती, आणि त्यांतील बहुतेक कोणालाही दाखवली नव्हती. पत्नी बेट्सी याच त्यांच्या चित्रविक्रीचा व्यवहार पाहत असत. त्यांनाही या संग्रहाची कल्पना नव्हती, असे तेव्हा सांगितले गेले. या चित्रांमागे काय आहे, असे विचारल्यावर बेट्सी यांनी ‘प्रेम’ एवढेच उत्तर दिले, आणि त्या एका शब्दाने वायेथ यांच्याविषयीच्या साऱ्या चर्चेचा रोखच बदलला.

तोपर्यंत वायेथ यांच्याबद्दलचा वाद रंगांचा होता. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले, तेव्हा वीस वर्षांच्या या तरुणाची मोकळ्या हाताने रंगवलेली, झगझगीत जलरंगातील सागरचित्रे सगळीच्या सगळी विकली गेली. हे यश फार सहज मिळाले, असे त्यांना वाटले. मेहुणे पीटर हर्ड यांच्याकडून शिकलेल्या टेंपेराकडे ते अधिक गांभीर्याने वळले. कोरडी रंगपूड अंड्याच्या बलकात आणि पाण्यात कालवायची आणि गेसोचा, म्हणजे खडू आणि सरस यांच्या पांढऱ्या मिश्रणाचा, लेप दिलेल्या फळीवर बारीक रेघांचे थरावर थर चढवायचे, अशी ही संथ पद्धत आहे. तिच्याबरोबर गेरू, पिवडी, सिएना, अंबर असे मातीतून निघणारे रंग त्यांच्या चित्रांत स्थिरावले. ही निवड माध्यमाने लादलेली नव्हती, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. कारण याच टेंपेरात इटलीतील मध्ययुगीन चित्रकारांनी गडद निळा आणि शेंदरी लाल वापरला होता.

या निवडीची मुळे १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत पोहोचतात. त्या महिन्यात चॅड्स फोर्डजवळच्या रेल्वे फाटकावर वायेथ यांचे वडील, प्रसिद्ध पुस्तकचित्रकार एन. सी. वायेथ, आणि त्यांच्याबरोबर मोटारीत असलेला लहानगा नातू यांचा मृत्यू झाला. त्यानंतर काढलेल्या ‘विंटर १९४६’ या चित्रात वाळलेल्या गवताच्या टेकडीवरून एक मुलगा धावत उतरतो आहे. ती टेकडी कुअर्नर कुटुंबाच्या शेतावरची, अपघाताच्या जागेजवळचीच. तिच्यावरचा तपकिरी रंग हिवाळ्यातल्या त्या भूमीचा आहे तसा शोकाचाही आहे, असे मला वाटते. १९४८ मधील ‘क्रिस्टिनाज वर्ल्ड’मध्येही हीच कोरडी भूमी दिसते, फक्त मेन राज्यातली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते चित्र १,८०० डॉलरना घेतले आणि वायेथ घरोघरी पोहोचले.

समीक्षकांचे मात्र एकमत कधीच झाले नाही. अमूर्त चित्रकलेच्या भरात हा वास्तववाद अनेकांना शिळा वाटला. डेव्ह हिकी यांनी तर या रंगांची तुलना चिखलाशी केली. रॉबर्ट रोझेनब्लम यांनी १९७७ मध्ये शतकातील सर्वांत अवाजवी गौरवलेला कलावंत आणि सर्वांत कमी लेखलेला कलावंत, अशा दोन्ही जागांसाठी वायेथ यांचेच नाव सुचवले. चाहत्यांना याच करड्या-तपकिरीत संयम आणि एकांत दिसत होता. पानगळ आणि हिवाळ्यात भूमीचा सांगाडा जाणवतो, म्हणून ते ऋतू आपल्याला आवडतात, असे स्वतः वायेथ सांगत.

हेल्गा याच कुअर्नर शेतावर काम करायची आणि वृद्ध कार्ल कुअर्नर यांची शुश्रूषाही करायची. म्हणजे चित्रकाराने दूरवरून प्रेरणा शोधून आणली नव्हती. पूर्वीपासून रंगवत आलेल्या त्याच जागेतली ती व्यक्ती होती. तिच्या चित्रांत लालसर सोनेरी वेण्या आणि हिरवा लोकरी कोट एवढेच काय ते रंग उठून दिसतात, तेही आजूबाजूच्या मातकटपणात मुरलेले. प्रकाशक लिओनार्ड अँड्रूज यांनी हा संग्रह लाखो डॉलर मोजून विकत घेतला आणि १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे प्रदर्शन झाले. तेव्हा गुपित खरे की किंमत वाढवण्यासाठी रचलेले, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. शंकेला आधारही होता : संग्रहातील काही चित्रे बेट्सी यांना आधीच ठाऊक होती आणि न दाखवलेल्या कामाचा उल्लेख वायेथ यांनी १९८५ मध्ये एका मासिकाशी बोलताना केला होता. १९८९ मध्ये अँड्रूज यांनी संग्रह मोठ्या नफ्यात एका जपानी संग्राहकाला विकला, तेव्हा ती शंका आणखी बळावली.

विक्रीच्या व्यवहारावरची टीका मला रास्त वाटते. परंतु त्या टीकेच्या ओघात रंगांचेही स्पष्टीकरण गुपितात शोधले गेले आणि मातकटपणा हा जणू लपवलेल्या नात्याचा पडदा आहे, असे वाचन रूढ झाले, ते पटत नाही. हेल्गा चित्रकारासमोर पहिल्यांदा बसली तेव्हा ही रंगसंगती पाव शतक जुनी झाली होती, आणि ‘विंटर १९४६’मधला मुलगा ज्या टेकडीवरून धावत उतरला, तिच्याच पायथ्याशी ती काम करत होती.