मॉरिशसमध्ये गणपतीची सरकारी सुट्टी कशी काय?

हनिमून पॅकेजवाल्यांमुळे मॉरिशस आपल्याला समुद्रापुरतंच माहितीय. पण मुंबईच्या जेमतेम साडेतीन पट असलेल्या या देशात गणेश चतुर्थीला पब्लिक हॉलिडे असतो, चलन रुपया आहे, ब्रिटिशांनी दीडशेहून जास्त वर्षं राज्य करूनही लोक घरात क्रिओल (फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली) बोलतात आणि पेपर फ्रेंच वाचतात, आणि या सगळ्याच्या मुळाशी जाल तर ऊस सापडतो.

ऊस आणला डचांनी, 1639 मध्ये जावाहून. डोडो पक्षी संपला तोही त्यांच्याच काळात. ते कंटाळून 1710 ला निघून गेले, 1715 ला फ्रेंच आले आणि त्यांनी गुलाम आणून मळे उभे केले. 1810 च्या ऑगस्टमध्ये ग्रँड पोर्टला फ्रेंचांनी ब्रिटिश आरमाराला धुतलं, पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचं नाव कोरलंय, पण डिसेंबरमध्ये बेट गेलंच! फक्त शरण जाताना मळेवाल्यांनी आपले कायदे, धर्म, चालीरीती जशाच्या तशा ठेवायची अट मान्य करून घेतली, म्हणून इंग्रज आले तरी फ्रेंच गेली नाही.

खरी गोष्ट 1835 नंतरची. गुलामगिरी बंद झाली, ऊस तोडणार कोण? मग हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर. बिहारकडचे कलकत्त्याहून, तमिळ-तेलुगू मद्रासहून, आणि आपले रत्नागिरी-साताऱ्याकडचे मुंबई बंदरातून. साधारण साडेचार लाख माणसं पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरली त्याला आता आप्रवासी घाट म्हणतात, तिथल्या 16 दगडी पायऱ्या अजून आहेत. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि रेशन, आणि एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे. ‘डबल कट’ म्हणायचे त्याला, म्हणजे आजारी पडणंसुद्धा परवडायचं नाही. प्रत्येकाला नंबर मिळायचा, पुढे पुढे तर फोटोवालं तिकीट जवळ बाळगावं लागे आणि नसलं की पोलीस धरायचे.

त्यातले बरेच परत आलेच नाहीत. मराठी माणसं तिथे संख्येने अगदी थोडी, बोलतात क्रिओल, पण गणपती टिकवला, आपल्या कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचतात, आणि शाळेत मराठी शिकता येते. (आपल्याकडे मराठी शाळा बंद पडतायत, असो.)

रुपयाचंही तेच, मजुरांबरोबर हिंदुस्थानी रुपये इतके आले की 1876 च्या सुमाराला सरकारने तेच चलन धरलं. नोटेवर इंग्रजीसोबत तमिळ आणि हिंदी असते. 1998 मध्ये नव्या नोटांवर हिंदी वर आणि तमिळ खाली छापली गेली, तमिळ मंडळी एवढी भडकली की बँकेला त्या नोटा मागे घेऊन क्रम पुन्हा पहिल्यासारखा करावा लागला.