शिकारी रायफलीचा बोल्ट मागे कोण ओढतं?

अर्धस्वयंचलित रायफलीचा चाप ओढला की एकच गोळी सुटते. दुसरीसाठी तो सोडून पुन्हा ओढावा लागतो. मधली उठाठेव, म्हणजे रिकामी पुंगळी फेकणं आणि नवं काडतूस नळीत सारणं, रायफल स्वतःच करते. त्यासाठी लागणारा जोर त्याच काडतुसातून येतो. पेच एवढाच की गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा, उघडता कामा नये. गेल्या सव्वाशे वर्षांची बरीचशी कारागिरी त्या निमिषभराच्या थांबण्यावर खर्ची पडली आहे.

बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यात हे जमणं अवघडच होतं, कारण तिची काजळी सगळीकडे माखायची. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी धूररहित दारू तयार केली आणि वाट मोकळी झाली.

अमेरिकेत विंचेस्टर कंपनीच्या टी. सी. जॉन्सन यांनी सरळ उपाय केला: बोल्टला नळीशी जखडणारं कुलूपच नको, तो वजनदार करा. जड बोल्ट हलायला वेळ लागतो, तेवढ्यात गोळी निघून जाते. 1905, 1907 आणि 1910 ची मॉडेलं याच तत्त्वावरची. पण काडतूस जितकं जोरकस, तितका बोल्ट जड. त्यामुळे या उपायाची धाव मध्यम ताकदीच्या काडतुसांपुढे फारशी गेली नाही.

अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांची रायफल मात्र बघण्यासारखी. 1900 मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि 1906 मध्ये रेमिंग्टनने ती बाजारात आणली. तिलाच पुढे 'मॉडेल 8' हे नाव मिळालं. बाहेरून जाड नळी दिसते, ती खरं तर नुसतं आवरण. खरी नळी आत असते. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना धरूनच मागे सरकतात. मागे पोचल्यावर बोल्ट अडकून राहतो, नळी एकटी पुढे जाते, पुंगळी उडते आणि मग बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. इतकं लोखंड मागेपुढे करत असल्याने खांद्याला एकाऐवजी दोन हिसके बसल्यासारखे वाटतात. माझ्या मते हा खटाटोप थोडा जास्तच, पण कुलूपबंद बोल्टमुळे हरणा-अस्वलाच्या शिकारीला पुरेशी काडतुसं त्यात चालली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या गॅरंड रायफलीने गॅसवरची यंत्रणा घरोघरी ओळखीची केली. नळीला बारीक छिद्र, त्यातून जळालेल्या दारूचा थोडा गॅस पिस्टनकडे, पिस्टनचा रेटा बोल्टला. 1955 ची रेमिंग्टन 740 याच धर्तीची, आणि ती .30-06 सारखं दणकट काडतूस पचवत होती. 1967 मध्ये ब्राउनिंग कंपनीची 'बार' (ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल) आली. 1918 च्या लष्करी 'बार'शी तिचं नातं फक्त नावापुरतं. हिचा बोल्ट फिरून कुलूपबंद होतो. गॅसच्या यंत्रणेने धक्का थोडा लांबवून पसरवला, म्हणून खांद्याला तो मऊ लागतो. अनेक शिकाऱ्यांना झटपट दुसऱ्या गोळीपेक्षा हेच जास्त भावलं असावं.

कायद्याचा डोळा मात्र दुसऱ्या गोळीवरच राहिला. युरोपातल्या 1979 च्या बर्न कराराने, संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या बाबतीत, दोनपेक्षा जास्त काडतुसं मावणारं मॅगझीन असलेली अर्धस्वयंचलित शस्त्रं निषिद्ध साधनांच्या यादीत टाकली. जर्मनीत अशा रायफलीत शिकारीच्या वेळी एकूण तीनच काडतुसं भरता येतात: दोन मॅगझीनमध्ये, एक नळीत.