उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळा कुणासाठी निघाल्या?

‘इंग्रजांनी वसाहतींतल्या गोरगरिबांच्या उपचारांसाठी उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळा काढल्या’ असा मजकूर अधूनमधून फिरतो. उष्णकटिबंधीय वैद्यक म्हणजे उष्ण प्रदेशांतल्या रोगांचा अभ्यास आणि उपचार, तेव्हा नाव ऐकून तसं वाटणं साहजिकच.

पण आधी पत्ता बघा. 1899 मध्ये अशा दोन शाळा सुरू झाल्या, त्या लिव्हरपूल आणि लंडनला. लंडनची तर गोदीजवळच्या खलाशांच्या रुग्णालयात! मग पैसा बघा. लिव्हरपूलला पुढाकार घेतला तो पश्चिम आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या जहाजमालकानं. तिकडे जाणारे गोरे व्यापारी, खलाशी हिवतापानं मरत होते. विद्यार्थी कोण? मुख्यतः वसाहतींत नोकरीला निघालेले डॉक्टर.

पुढे या संशोधनाचा फायदा इतरांनाही झाला, हेही खरं. हिवताप आणि डास यांच्या नात्याचा मोठा पुरावा मात्र 1897 मध्ये, शाळा निघण्याआधीच, आपल्या सिकंदराबादला मिळाला होता. या संस्थांचे स्थापनेचे इतिहास उपलब्ध आहेत. त्यात देणगीदार आणि जागा एवढंच आधी वाचा.