अंतराळप्रवासपटांतील नैतिक पेच आणि संभाव्यता

अंतराळप्रवासपटांतील नैतिक पेच आणि संभाव्यता : अंतराळप्रवासावरील विज्ञानपटांत पात्रांपुढे उभी राहणारी कर्तव्याची निवड आणि ती निवड ज्या भौतिक परिस्थितीतून उद्भवते तिची वैज्ञानिक विश्वसनीयता, यांचा एकत्रित विचार. समीक्षेत हे दोन विषय बहुधा स्वतंत्रपणे हाताळले जातात. तथापि परिस्थितीचे गणित चुकीचे असेल तर त्यावर उभारलेला पेचही खरा ठरत नाही, म्हणून ते एकत्र घेणे अधिक योग्य होय.

मराठीत नैतिक पेचाला ‘धर्मसंकट’ हा जुना शब्द आहे. ‘पेच’ हा फार्सीतून आलेला शब्द असून तो कुस्ती व पतंगबाजी यांतही वापरला जातो. ‘संभाव्यता’ ही संज्ञा गणितात एखादी घटना घडण्याच्या शक्यतेच्या मापासाठी रूढ आहे. येथे मात्र कथेतील घटना ज्ञात निसर्गनियमांशी आणि कथेने स्वतः मान्य केलेल्या नियमांशी सुसंगत असणे, असा तिचा अर्थ आहे. न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट कवीने पसंत करावी, हे ॲरिस्टॉटलचे मत या संदर्भात नेहमी उद्धृत होते.

साठा सर्वांना पुरणार नसेल तर कोणाला वाचवायचे, या पेचाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अनेक अभ्यासक तो टॉम गॉडविन या अमेरिकन लेखकाच्या ‘द कोल्ड इक्वेशन्स’ (१९५४) या कथेपर्यंत नेतात. तीत दूरच्या ग्रहावरील सहा रुग्णांसाठी औषध घेऊन निघालेल्या छोट्या यानात भावाला भेटण्यासाठी एक तरुणी लपून बसते. इंधन एकट्या चालकापुरतेच मोजून दिलेले असल्याने तिला यानाबाहेर जावे लागते. या कथेआधी दोन वर्षे, १९५२ मध्ये, अशाच कल्पनेवरील गोष्टी प्रसिद्ध झाल्या होत्या, त्यामुळे गॉडविनच्या मौलिकतेवर आक्षेप घेतले गेले. मात्र केवळ चित्रपटांचा विचार केला, तर हा वाद काहीसा गैरलागू ठरतो. फ्रित्झ लांग या दिग्दर्शकाच्या ‘फ्राऊ इम मोंड’ (१९२९) या जर्मन मूकपटात बंदुकीच्या गोळीने प्राणवायूचा साठा फुटतो आणि परतीच्या प्रवासात सर्वांना पुरेल इतका प्राणवायू उरत नसल्याने कोणी मागे राहायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले जाते. या पटाला हेर्मान ओबेर्थ या रॉकेटतज्ज्ञाचा सल्ला लाभला होता आणि उड्डाणापूर्वीची उलटी गणना त्यात दिसते. पण त्याच पटात चंद्राच्या पलीकडील बाजूस श्वसनयोग्य हवा दाखवली आहे. पेटर हान्सेन या खगोलज्ञाच्या, एकोणिसाव्या शतकातच मागे पडलेल्या तर्काशी ही कल्पना जुळते. मागे राहणे म्हणजे तत्काळ मृत्यू नव्हे, असे त्यामुळे होते आणि पेचाची धार बोथट होते. ‘डेस्टिनेशन मून’ (१९५०) या अमेरिकन पटात हाच प्रश्न इंधनाच्या व वजनाच्या रूपाने येतो आणि यानातील सामान टाकून देऊन सुटतो.

याहून मागे गेल्यास मूळ समुद्रात सापडते. ‘मिन्योनेट’ ही नौका बुडाल्यानंतर होडीत अडकलेल्या खलाशांनी एका मुलाला मारून आपली भूक भागवली. १८८४ च्या या खटल्यात अत्यावश्यकता हा हत्येचा बचाव होऊ शकत नाही, असा निर्णय इंग्लंडमधील न्यायालयाने दिला. अंतराळपटांतील पेच या परंपरेचा वारस मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पेच खरा ठरण्यासाठी व्यवस्था बंदिस्त असावी लागते, म्हणजे बाहेरून काहीही येण्याची वाट नसावी. मराठवाड्यातील वाचकाला हा भेद अनुभवाने कळण्यासारखा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्या टंचाईत कोणाला आधी व किती, हा प्रश्न तीव्र होता, पण मिरजेची वाट उघडी होती. मंगळाच्या मार्गावरील यानाला अशी वाट नसते. तेथे माणसास दिवसाला साधारणतः ०.८४ किलोग्रॅम प्राणवायू लागतो आणि तो सुमारे १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पटांत ‘प्राणवायू संपत आला’ असे संवाद असतात. प्रत्यक्षात अनेकदा कार्बन डायऑक्साइडचा संचय आधी घातक ठरतो. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ या अमेरिकन चांद्रमोहिमेत मुख्य यान बिघडल्याने चंद्रावर उतरण्याच्या छोट्या यानात, जे दोघांसाठी सुमारे दोन दिवस पुरेल असे आखलेले होते, तिघांना जवळजवळ चार दिवस काढावे लागले आणि चौकोनी शोषक डबे गोल जागेत बसवण्याची युक्ती योजावी लागली. ‘स्टोअवे’ (२०२१) या पटाने हे बारकाईने घेतले आहे, कारण त्यात बिघाड होतो तो कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या यंत्रातच. त्याचा कच्चा दुवा वेगळा आहे : एक पूर्ण माणूस उड्डाणाच्या वेळी कोणाच्याही लक्षात न येता आत राहतो. गॉडविनच्या कथेवरही हाच आक्षेप आहे. पेच निसर्गाने घातला की निष्काळजी आखणीने, हे ठरल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरत नाही.

‘पॅसेंजर्स’ (२०१६) मध्ये साठ्याचा नव्हे, संमतीचा पेच आहे. १२० वर्षांच्या प्रवासात ९० वर्षे आधीच जाग आलेला प्रवासी एकाकीपणा सोसेनासा होऊन एका स्त्रीला दीर्घनिद्रेतून उठवतो आणि तिचे पुढचे आयुष्य तिला न विचारता ठरवून टाकतो. पुढे जहाज वाचवण्यासाठी दोघांचीही गरज भासते, असे दाखवून पट त्या कृत्याला मागाहून समर्थन देतो. ही त्याची नैतिक उणीव होय. मानवी दीर्घनिद्रा आजवर साधलेली नाही. तसेच पटात वीज गेल्यावर जहाजातील गुरुत्व नाहीसे होते, पण ते जहाजाच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे असल्यास वीज गेल्याने थांबणार नाही, कारण फिरती वस्तू अडथळ्याविना फिरतच राहते.

‘इंटरस्टेलर’ (२०१४) मध्ये वाटून घ्यायची वस्तू काळ आहे. महाकाय कृष्णविवराजवळच्या ग्रहावर तीव्र गुरुत्वामुळे काळ मंदावतो आणि तेथील एक तास पृथ्वीवरील सात वर्षांइतका असतो, म्हणजे कालगतीत सुमारे ६१ हजार पटींचा फरक पडतो. किप थॉर्न या सल्लागार शास्त्रज्ञाच्या गणितानुसार हे शक्य आहे, पण त्यासाठी कृष्णविवर कमाल मर्यादेच्या अगदी निकट वेगाने फिरावे लागते. ग्रहावर उतरणारे स्वतःचे काही तास देतात. त्याची किंमत मात्र यानात थांबलेला सहकारी आणि पृथ्वीवरील मुले वर्षांनी मोजतात, त्यांची संमती न घेता. हा विषय मराठवाड्यापासून दूरचा नाही : थॉर्न यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक ज्या गुरुत्वीय लहरींच्या (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांच्या) शोधासाठी विभागून मिळाले, त्यांचे निरीक्षण करणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे नियोजित असून केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. याच पटातील शेतीचे चित्र मात्र दुबळे आहे. तुरीवरील मर, ज्वारीवरील काणी आणि सोयाबीनवरील तांबेरा हे वेगवेगळ्या बुरशींचे रोग असून त्यांपैकी एकही सर्व पिके संपवत नाही, हे येथील कोरडवाहू शेतकरी जाणतो. पटात मात्र एकच करपा गहू व भेंडी संपवून मक्याकडे वळतो, आणि मानवजातीने पृथ्वी सोडण्याचा संपूर्ण निर्णय त्याच्यावर अवलंबून आहे.

भारतीय पटांत ‘चाँद पर चढाई’ (१९६७) हा हिंदी पट आणि ‘टिक टिक टिक’ (२०१८) हा तमिळ पट उल्लेखनीय आहेत. दोहोंत साहसाला प्राधान्य आहे.