कार्बन पदार्थांचे प्लाझ्मा फ्लोरिनीकरण

ग्राफाइट, कार्बन तंतू, नॅनोनलिका, ग्राफीन अशा कार्बन पदार्थांच्या पृष्ठभागावर प्लाझ्माच्या (विजेने आयन आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांत अंशतः फोडलेल्या वायूच्या) साहाय्याने फ्लोरीनचे अणू जोडण्याची पद्धत. जाड पदार्थात हा बदल सहसा वरच्या काही नॅनोमीटरपुरताच होतो. त्यामुळे आतल्या भागाचे बळ आणि वीजवाहकता शाबूत राहते.

फ्लोरीन वायूत ग्राफाइट तापवून ग्राफाइट फ्लोराइड मिळते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रुफ यांनी 1934 मध्ये दाखवले. पण तो वायू विषारी आणि कमालीचा क्रियाशील. तापमान आवाक्याबाहेर गेले तर स्फोटाचा धोका. प्लाझ्मात कार्बन टेट्राफ्लोराइड किंवा सल्फर हेक्झाफ्लोराइड यांसारखे, एरवी जवळपास निष्क्रिय असणारे वायू चालतात. निर्वात पात्रात कमी दाबाखाली वायू सोडून त्याला बहुधा 13.56 मेगाहर्ट्‌झची रेडिओ-वारंवारता देतात. वायू फारसा तापत नाही. इलेक्ट्रॉन मात्र प्रचंड ऊर्जेने रेणूंवर आदळून त्यांचे तुकडे करतात. सुटे झालेले फ्लोरीन अणू कार्बनच्या दुहेरी बंधांवर तुटून पडतात.

खरी अडचण इथेच सुरू होते. तोच फ्लोरीन कार्बनला चिकटतो आणि तोच कार्बन कुरतडून वायुरूपात घेऊनही जातो. शिवाय अर्धवट तुटलेले तुकडे एकमेकांना जोडले जाऊन टेफ्लॉनसारखा पातळ थर वर बसू शकतो. वायूत थोडा ऑक्सिजन मिसळला की सुटा फ्लोरीन वाढतो आणि कुरतडणे जोर धरते; हायड्रोजन मिसळला तर फ्लोरीन हायड्रोजन फ्लोराइडच्या रूपात निघून जातो आणि थर साचू लागतो. म्हणून पृष्ठभागावर फ्लोरीन सापडला एवढ्यावरून मूळ कार्बनचेच फ्लोरिनीकरण झाले असे म्हणता येत नाही.

हा उलगडा मुख्यतः क्ष-किरण प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटातून होतो; त्यात क्ष-किरणांनी बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांवरून अणूतली त्यांची बंधनऊर्जा मोजतात. ग्राफाइटच्या कार्बनचे शिखर सुमारे 284.5 इलेक्ट्रॉन-व्होल्टला दिसते. फ्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे एक फ्लोरीन सहसंयुजी (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या) बंधाने जोडलेल्या कार्बनचे शिखर 289–290च्या आसपास सरकते, दोन जोडलेल्याचे 292च्या जवळ आणि तीन जोडलेल्याचे त्याहूनही पुढे. 288च्या आसपासचे शिखर अनेकदा 'अर्ध-आयनिक' (सहसंयुजी आणि आयनिक यांच्या मधल्या) बंधाचे मानतात. त्या भागात ऑक्सिजनयुक्त गटही दिसतात, तेव्हा हा अर्थ जपूनच लावलेला बरा.

बंध सहसंयुजी झाला की कार्बनची सपाट, प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांना जोडलेली रचना मोडून चार दिशांना बंध असलेली चतुष्फलकी होते आणि वीज वाहून नेणारे मोकळे इलेक्ट्रॉन अडकतात. पूर्ण फ्लोरीनयुक्त ग्राफीन विद्युत-रोधक असते. एकाच अणूच्या जाडीच्या अशा पापुद्र्यावर आयनांचा मारा झाला तर छिद्रे पडतात. म्हणून नमुना प्लाझ्माच्या झगमगाटापासून दूर, वायूच्या प्रवाहात पुढच्या बाजूला ठेवतात. नॅनोनलिकांवरचा फ्लोरीन हायड्रॅझिनने बऱ्याच अंशी (एका क्षपणकारक रसायनाने) काढून टाकता येतो.

पाण्याशी असलेले नाते तर उघड्या डोळ्यांना दिसते. फ्लोरीनने मढवलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; तो जितका मोठा तितके पाणी कमी चिकटते) फार तर 120 अंशांपर्यंत जातो. 150च्या पुढे जायचे तर सूक्ष्म खडबडीतपणा लागतो, आणि तो बऱ्याचदा वर सांगितलेल्या कुरतडण्यातूनच आयता मिळतो.

कार्बन टेट्राफ्लोराइड वातावरणात सुमारे 50,000 वर्षे टिकतो आणि तीव्र हरितगृह वायू आहे. त्यामुळे पात्रातून बाहेर पडणारा न वापरलेला वायू मोकळा सोडण्याआधी विघटित करावा लागतो.